३० हजारांत बुकशेल्फ स्पीकर : रेशमी ट्वीटर की धातूचा? आलेखावरून कळतं का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं, त्यात जुने उभे स्पीकर गेले. आता विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. पुन्हा नीट गाणं ऐकायची सोय करायची आहे. खोली १२ बाय १०, स्लॅबचं घर, खाली फरशी, भिंती उघड्या. ५० वॅटचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि तो चांगला चालतोय. स्पीकरच्या जोडीला ३० हजार, त्यावर जमणार नाही. ऐकणं म्हणजे नाट्यसंगीत, किराणा घराण्याचा ख्याल, जुनी भावगीतं. वडील ७४ वर्षांचे आहेत, संध्याकाळी तेही ऐकायला बसतात.

सध्या मित्राची जोडी आणून लावली आहे. गायिकेचा ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतो, तासाभरात बंद करावंसं वाटतं. ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर काढणारा छोटा भाग, अ‍ॅल्युमिनियमचा आहे. तर रेशमी डोमचे, म्हणजे घुमटासारख्या रेशमी पडद्याचे, घ्यावेत का? रिबन, म्हणजे पातळ पट्टीचे, कसे? कुठल्या सुराला स्पीकर किती मोठा वाजतो याच्या मोजमापांचे आलेख नेटवर मिळतात, त्यावरून स्पीकर टोचणार की नाही हे आधी कळतं का?

हळदपेठ
३० हजारांत मनासारखं काही मिळत नाही, स्पष्टच सांगतो. मी दीड लाखाची जोडी घेतली, बेरिलियमचा ट्वीटर. तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ असा सुटून येतो की तबलजी समोर बसलाय असं वाटतं. थोडं थांबा, पैसे साठवा, पण एकदाच घ्या.

सुरेल
रेशमीच घ्या. आमच्याकडे दहा वर्षं रेशमी डोमचे आहेत, कधी त्रास नाही. भाच्याने बोट घालून डोम आत दाबला होता, तोही चिकटपट्टीने हलकेच ओढल्यावर बाहेर आला. धातूचा असता तर सुरकुती कायमची राहिली असती. धातूचे सगळे टोचतात.

टॉपबेस
मी तासगावचा, मंडपाचं काम करतो. डोम-बिम सोडा, आधी अ‍ॅम्प बघा. ५० वॅट लई कमी हाय. कमी वॅटचा अ‍ॅम्प ताणला की टॉप, म्हणजे तुमचा ट्वीटर, जळतो. गणपतीत एका मंडळाने माझ्या डब्यांना दुसऱ्याचा छोटा अ‍ॅम्प जोडला आणि दोन्ही टॉपचे डायफ्राम गेले. भरपाई कोण देतंय? अजून मिळाली नाही.

आलेखवाला
कुपवाडहून. ‘धातूचे सगळे टोचतात’ हे बरोबर नाही, त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

२५ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम डोम स्वतः वेडावाकडा थरथरायला लागतो तो साधारण २५ ते ३० हजार हर्ट्झच्या आसपास. बेरिलियमचा त्याच्याही वर. माणसाला तरुणपणी २० हजारांपर्यंत ऐकू येतं, पन्नाशीनंतर बहुतेकांचं १२-१४ हजारांच्या पुढचं गेलेलं असतं. म्हणजे धातूचा तो प्रसिद्ध ‘धातूपणा’ आपल्या कानाच्या टप्प्यातच येत नाही. ‘स’ आणि ‘श’ची सळसळ मुख्यतः ५ ते ८ हजारांत असते. तिथे आलेख दोन-तीन डेसिबलने फुगलेला असेल तर डोम रेशमाचा असो की सोन्याचा, टोचणारच. रेशमी डोमचे असे कितीतरी स्पीकर आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. साडेसहा इंची वूफर (खालचे सूर काढणारा मोठा भाग) म्हणजे साडेसोळा सेंटिमीटरचा. अडीच हजार हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण १४ सेंटिमीटर. लाट वूफरच्या व्यासापेक्षा लहान झाली की वूफरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच जायला लागतो. तिथेच क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे-वरचे सूर वाटून देणारं सर्किट, ट्वीटरकडे सूत्रं देतो, आणि एवढासा ट्वीटर त्या टप्प्यात आवाज चहूकडे पसरतो. समोर माइक ठेवून काढलेला आलेख सरळ दिसतो, पण बाजूला ३ ते ५ हजारांत जास्तीचा आवाज सांडत असतो. तो तुमच्या उघड्या भिंतींवर आपटून कानाशी परत येतो. याला उपाय म्हणजे ट्वीटरभोवतीची उथळ वाटी, म्हणजे वेव्हगाइड. तिने ट्वीटरचा पसारा वूफरएवढा आवळला जातो. दुसरा उपाय ट्वीटर वूफरच्या मधोमधच बसवायचा. केईएफ कंपनी १९८८ पासून तसे बनवते.

तेव्हा ट्वीटर कशाचा बनवलाय ते शेवटी विचारा. आधी तो कुठे, कशात बसवलाय आणि कितीवर कापलाय ते बघा. इलॅक कंपनीच्या डेब्यू २.० च्या कापडी डोमला वेव्हगाइड आहे, त्या वाटेने शोधा.

टॉपबेस
अ‍ॅम्पबद्दल काहीच बोलला नाहीत.

आलेखवाला
बोलतो. अ‍ॅम्प छोटा म्हणून टॉप जळत नाही. तो त्याच्या ताकदीपलीकडे ताणला की लाटेचं डोकं छाटलं जातं, सरासरी ताकद वाढते, वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, जन्माला येतात आणि ते सगळे ट्वीटरच्या वाट्याला जातात. मंडपात ते घडतं. १२ बाय १० च्या खोलीत ख्याल ऐकताना बहुतेक वेळ दोन-तीन वॅटसुद्धा लागत नाहीत. ५० भरपूर झाले. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीला तो किती मोठा वाजतो, ती मात्र बघा. ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते.

टॉपबेस
तुम्ही खोलीत बसून बोलताय. जळलेला टॉप हातात घेतला की कळतं.

हळदपेठ
आलेखाने गाणं ऐकू येत नाही हो. कान नावाची गोष्ट आहे की नाही? बेरिलियम आणि अ‍ॅल्युमिनियममधला फरक मला एका मिनिटात कळतो. पन्नास हजार तरी काढाच.

आलेखवाला
कानावरच विश्वास ठेवायचा तर पडद्याआडून ठेवूया. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी हेच केलं. स्पीकर पडद्यामागे, सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणि ऐकणाऱ्याला कोणता वाजतोय ते ठाऊक नाही. १९८५-८६ मध्ये त्याचे निबंध आले. लोकांनी पसंत केलेले स्पीकर समोरून सपाट आणि बाजूने एकसारखे उतरत जाणारे निघाले. पुढे हारमन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांनी २००४ साली ७० स्पीकरांवरून सूत्र मांडलं. नुसत्या मोजमापांवरून काढलेली पसंती आणि ऐकणाऱ्यांची पसंती यांचा सहसंबंध ०.८६ आला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). टूल आणि ऑलिव्ह यांनीच आधी १९९४ मध्ये दाखवलं होतं की तोच स्पीकर डोळ्यांसमोर ठेवला की गुण बदलतात. बेरिलियम ओळखू येतो असं म्हणता, तर येता रविवारी माझ्याकडे या. चादर टांगून लावतो.

हळदपेठ
रविवारी मी पुण्याला आहे.

जवारी
मी मिरजेचा. घरात तंबोऱ्याचं काम तीन पिढ्यांचं आहे, म्हणून एवढंच सांगतो.

स्पीकर पारखायला तंबोरा लावा. नुसता तंबोरा, बाकी काही नको. घोडीवरची तार आणि तिच्याखालचा दोरा यांच्यात केसाएवढा फरक केला की जवारी, म्हणजे तंबोऱ्याचं ते झणझणणारं गुंजन, उघडते किंवा बंद होते. उघडली की एका तारेतून वरचे स्वर एकामागून एक फुटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीवर लिहिलं होतं. तार मध्ये छेडली तर जे स्वरांश नियमाने येऊ नयेत, तेही तंबोऱ्यात येतात, असं त्यांना दिसलं. ही सगळी जवारी हजारापासून चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत भरलेली असते. वर आलेखवाल्यांनी क्रॉसओव्हरचा टप्पा सांगितला, तोच हा. वूफर आणि ट्वीटरचं तिथे जमत नसेल तर जवारी दोन तुकड्यांत ऐकू येते. खाली गुंजन, वर वेगळीच चरचर. जमत असेल तर एकच तार ऐकू येते. आमच्याकडे गिऱ्हाईक कधीकधी रेकॉर्डिंग घेऊन येतं आणि ‘अशी जवारी लावा’ म्हणतं. आधी विचारावं लागतं, कशावर ऐकलीत?

दुसरं, किराण्याचं म्हणालात. त्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या ७८ च्या तबकड्यांवर ५-६ हजार हर्ट्झच्या वर गाण्यापेक्षा खरखरच जास्त. त्याला चमकदार ट्वीटर लावून खरखर तेवढी वाढेल, खाँसाहेब वाढणार नाहीत.

सुरेल
म्हणजे मी म्हटलं तेच. रेशमी घ्या.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. आलेखवाले, आलेख वाचायचा कसा ते सांगाल का? दोन वेगवेगळ्या ठिकाणी एकाच स्पीकरचे आलेख पाहिले. एकात तो सपाट दिसतो, दुसऱ्यात डोंगर-दऱ्या आहेत.

आलेखवाला
आधी डावीकडची उभी पट्टी बघा. १०० डेसिबलची पट्टी घेतली तर कुठलाही स्पीकर सपाट दिसतो. ५० च्या पट्टीवरच तुलना करा. मग ‘स्मूदिंग’, म्हणजे रेघ गुळगुळीत करणं, किती लावलंय ते बघा. एक-तृतीयांश सप्तकाचं लावलं की सगळे खड्डे बुजतात.

मग नजर रुंद गोष्टींवर ठेवा. एखादा बारीक, खोल खड्डा कानाला बहुतेक वेळा जाणवतही नाही. पण २ ते ६ हजारांपर्यंत पसरलेला एक-दीड डेसिबलचा फुगवटा तासभर ऐकलं की त्रास देतो. आलेखात तो अगदी निरुपद्रवी दिसतो, लोक तिथेच चुकतात. ‘स्पिनोरामा’ मिळाला तर उत्तम. त्यात आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर मापून ७० मोजमापं घेतलेली असतात. समोरची रेघ सपाट आहे का आणि बाजूच्या रेघा एकसारख्या उतरत जातात का बघा. मध्येच बाजूची रेघ वर येऊन समोरचीला भिडत असेल तर तो स्पीकर तुमच्या खोलीसाठी नको.

२००-३०० हर्ट्झच्या खाली मात्र आलेखापेक्षा तुमची खोलीच बोलते. १२ फुटांची लांबी ४७ हर्ट्झच्या आसपास घुमणार. ते स्पीकर बदलून जात नाही, जागा बदलून पाहावं लागतं.

आणि खरेदीआधी एक फुकटचं करा. मित्राची जोडी कानावर रोखलेली असेल तर ती सरळ समोर तोंड करून ठेवा, म्हणजे तुम्ही ट्वीटरच्या १५-२० अंश बाजूला याल. खाली जाड सतरंजी टाका, बाजूच्या भिंतीला पडदा लावा. टोचणं निम्मं गेलं तर दोष कुठे होता ते कळेल.

कोल्हापूर_रोड
सांगलीत ऐकून घ्यायची सोय कमी. कोल्हापूरला जा, नाहीतर थेट पुणे. ऑनलाइन मागवू नका, माझ्या खोक्यातला एक ट्वीटर चेपूनच आला होता आणि परत घ्यायला महिना लावला. आणि वायर चांगली घ्या, वायरने फार फरक पडतो.

आलेखवाला
वायरने १२ बाय १० च्या खोलीत काही फरक पडत नाही. साधी तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची घ्या.

कोल्हापूर_रोड
पडतो. मी ऐकलाय.

हळदपेठ
वायरबद्दल शंभर टक्के सहमत. मी मीटरला चार हजारांची घेतली आहे.

जवारी
वायर राहू द्या. दुकानात दोन जोड्यांचा आवाज एका पातळीवर आणून ऐका, मोबाईलवरचं मापक चालेल. जरा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

कृष्णाकाठ
कळवायचं राहिलं होतं. सतरंजी, पडदा आणि स्पीकर सरळ करणं, तिन्ही केलं. ‘श’ बराच खाली बसला. तरी ती जोडी मित्राला परत द्यायचीच होती.

शेवटी कोल्हापुरात एका गृहस्थांकडून वापरलेली जोडी घेतली, २७ हजारांत. घड्यांच्या पडद्याचा ट्वीटर आहे, ज्याला एएमटी म्हणतात. रेशमी नाही, धातूचा डोम नाही, वेव्हगाइडही नाही. त्याचा आलेख पाहिला. आलेखवाल्यांनी सांगितलेला बाजूचा फुगवटा ३ ते ४ हजारांत स्पष्ट आहे, मान्य. पण वडिलांना सोबत नेलं होतं. त्या गृहस्थांकडच्याच वेव्हगाइडवाल्या जोडीबरोबर आवाज मापून सारखा केला आणि आधी नुसता तंबोरा लावला. वडिलांना कुठली जोडी वाजतेय ते सांगितलं नव्हतं. दोन्ही वेळा त्यांनी हीच सांगितली, मलाही हीच आवडली. आमच्या खोलीत दोन खुर्च्या समोर आहेत, बाजूला कोणी बसत नाही, आणि एका भिंतीला आता पडदा आणि दुसरीला पुस्तकांचं कपाट आहे. रोज ऐकतोय, टोचत नाही.

सुरेल
रेशमी घेतले असते तर बरं झालं असतं. असो, ऐका.

हळदपेठ
वापरलेली? वॉरंटीचं काय?

आलेखवाला
मी घेतली नसती. पण पातळी जुळवून, न सांगता ऐकवून घेतलीत, तर त्यावर माझं काही म्हणणं नाही. वेव्हगाइडची कमी तुमच्या कपाटाने आणि पडद्याने भरून काढली आहे, ते दोन्ही हलवू नका. एक लक्षात ठेवा, या उंच पडद्याच्या ट्वीटरचा पसारा आडवा रुंद पण उभा अरुंद असतो. कान वर-खाली झाला की वरचा आवाज उतरतो. स्टँड कितीचे आहेत?

कृष्णाकाठ
स्टँड नाहीत, सध्या टीव्हीच्या टेबलावर आहेत. वडील खुर्चीत बसले की त्यांचा कान जमिनीपासून ३८ इंचांवर येतो, माझा ४१.

टॉपबेस
कुपवाड एमआयडीसीत माझ्या ओळखीचा वेल्डर हाय. चौकोनी पाइपचे करून देतो, आत वाळू भरायची. उंची सांगा.

आलेखवाला
वडिलांच्या कानाचं माप धरा. डब्याच्या तळापासून ट्वीटरच्या मध्यापर्यंत किती इंच आहे ते मोजा आणि ३८ मधून वजा करा.

कृष्णाकाठ
तळापासून साडेदहा. म्हणजे साडेसत्तावीस इंचांचे. टॉपबेस, वेल्डरचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.