अध्ययन अक्षमता: दहावीतली सवलत मोठी की दुसरीतलं वाचन?

केतकी:
वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना अडणं, म्हटलं की शाळेतला पहिला प्रश्न ठरलेला, ‘सर्टिफिकेट काढलंत का?’ परीक्षेत मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा लेखनिक, तासामागे २० मिनिटं जादा, कॅल्क्युलेटर हे मिळायलाच हवं. पण त्या मुलाला वाचायला कुणी शिकवलं का? सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार चाचपणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी व्हायला हवी; आपण जागे होतो नववीत. आपल्या लिपीतला एकटा ‘र’ घ्या. सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्यावर: प्रत्येक ठिकाणी वेगळं रूप. चारही एका आठवड्यात उरकली की असं मूल तिथेच अडतं. एकच रूप घ्यावं, मोठ्याने म्हणत रव्यात गिरवून घ्यावं, पक्कं झालं की मगच दुसरं.

समीर:
अजिबात पटलं नाही. माझा मुलगा नववीत आहे. आग्र्याहून सुटकेचा प्रसंग तोंडी विचारा, बारकाव्यांसकट सांगतो. पेपरात मात्र चार ओळींपुढे जात नाही. त्याला आता रव्यात बसवू? धडा ऐकून शिकणं हेही शिकणंच आहे. वाचता आलं तरच हुशार, हा हट्ट आधी सोडा.

वर्षा (जि. प. शाळा):
केतकीताई, एका खोलीत दोन इयत्ता सांभाळताना एका मुलाजवळ किती बसणार? तरी सांगते, मी फळ्यावरून उतरवून घेणं बंद केलंय, मजकूर हातात देते. आणि सगळ्यांसमोर अचानक उठवून वाचायला लावत नाही. एवढ्यानेही मुलं शाळेत टिकतात.

केतकी:
वर्षाताई, मग ‘र’चा पाठ अख्ख्या वर्गालाच तसा घ्या. बाकीच्यांचं काही बिघडत नाही. समीरदादा, ऐकून शिकू द्याच, पण बसची पाटी आणि बँकेचा फॉर्म कोण वाचून दाखवणार?

समीर:
मोबाईल वाचून दाखवतो, ताई. अडचण दुसरीच आहे. लेखनिक म्हणून खालच्या वर्गातलं मूल शोधत आम्ही परीक्षेच्या तोंडावर वणवण फिरतो. पोरगा पहिल्यांदा त्याच्याशेजारी बसतो तो थेट पेपरालाच! उत्तर मनात जुळवून, दुसऱ्याच्या लिहिण्याच्या वेगाने सांगणं सोपं नसतं. ते शिकवायचं असेल तर शाळेने जूनपासून सराव द्यावा. सवलत आणि शिकवणं वेगळं काढताच येत नाही, माझं भांडण तेवढंच आहे.