कावळ्याचं पिल्लू पाळता येते का?

निंबाखालचा:
राजेहो सल्ला पाह्यजे. दारव्ह्याजवळ गाव हाय आमचं. परवा आवकाळी आलं तवा आंगणातल्या निंबाची फांदी मोडली अन् खाली हे पिल्लू सापडलं. काळंभोर हाय, पंख फुटले पण उडता येत नाई, नुसतं चोच वासून ओरडते. पोट्ट्यानं खोक्यात कुटार टाकून ठेवलं, नावबी ठेवून टाकलं काळू, मोबाईलवर विदेशातली बाई पाळेल कावळ्यासंगं बोलते असा व्हिडिओ त्यानं पाह्यला तवापासून हट्टच धरला. आई म्हनते कावळा पिंडाले शिवाव, घरात नोको. दूध पाजलं तर थुंकून देते. अन् बाहेर निघालो का दोन कावळे टकुऱ्यावर झडप मारतेत, दोन दिवस झाले आंगणातून हेल्मेट घालून चाललो मी, शेजारी हासतेत. खाऊ काय घालू?

डवरेवाला:
दूध पयले बंद कर बाप्पा, पाखराले पचत नाई. चोचीत पाणीबी वतू नोको, श्वासनळीत गेलं का खतम. उकडेल अंडं कुस्करून ओलसर कर अन् चिमटीनं दे, दिवसा घंट्या घंट्यानं.
पाळायचं म्हनशीन तर मी पाळेल हाय, शाळेत होतो तवा. खांद्यावर बसे, डवरा चालू असला का मागं मागं किडे टिपत ये. चोर एक नंबर, मायच्या जोडव्या नेऊन कवेलूखाली लपवल्या होत्या, घर शाकारलं तवा सापडल्या. पण त्याले माणसाचा भेवच राह्यला नाई अन् बाकीचे कावळे त्याले जवळ येऊ देत नव्हते. एक दिवस पाहुण्याच्या डोक्यावर जाऊन बसलं, त्यानं घाबरून काठी हाणली. डोक्यावर कावळा बसल्यावर कोणीबी हाणनच ना. तवापासून नाई पाळलं काही.

पक्षीवेडा_नागपूर:
त्या व्हिडिओवर जाऊ नका. अमेरिकेत तिथलाच कावळा घरी पाळायला मनाई आहे, म्हणून हौशी लोक आफ्रिकेतला पांढऱ्या छातीचा पाईड क्रो पाळतात. रेव्हन, म्हणजे तो मोठा कावळा म्हणाल तर तो हिमालयात नाहीतर राजस्थानकडे, आपल्याकडे गावकावळा आणि डोमकावळा. आपला गावकावळा 1972 च्या वन्यजीव कायद्यात उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता, कोणी विचारत नव्हतं, पण 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली, 1 एप्रिल 2023 पासून त्यालाही संरक्षण आहे. पाळायचा विषय संपला.
आणि झडप मारतात याचा अर्थ पालक जिवंत आहेत न भाऊ! माणसाचा हात लागला की टाकून देतात ही निव्वळ अफवा. टोपलीत कुटार टाकून त्याच निंबावर सावलीत बांधा आणि लांब व्हा, ते चारतील. जखम असेल तर वनविभागाच्या 1926 वर फोन करा, नागपूरला सेमिनरी हिल्सवर त्यांचं उपचार केंद्र आहे.
हेल्मेटचं मात्र अवघड आहे. सिएटलला मार्झलफ नावाच्या प्राध्यापकानं 2006 मध्ये मुखवटा घालून कावळे पकडले होते, पुढं कितीतरी वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे अंगावर यायचे. तुमचं हेल्मेट आता त्यांच्या लिस्टमध्ये.

मास्तर_रिटायर:
थांबा रे. आधी पायाची बोटं पाहा. कावळ्याची तीन पुढं आणि एक मागं असते. दोन पुढं, दोन मागं असतील तर ते कोकिळेचं पोर आहे. याच दिवसांत ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते आणि नराचं पिल्लू काळंच असते, फसायला होते. बाकी हे कावळ्याच्या पिल्लांना सहसा ढकलून देत नाही, सगळे एकाच घरट्यात वाढतात. म्हणून वर अजून पिल्लं आहेत का तेही पाहा.

निंबाखालचा:
मास्तर पाय पडतो तुमच्या! दोन पुढं दोन मागं!! टोपली बांधली दुपारीच, शिडीवर हेल्मेट घालूनच चढलो, वर अजून दोन हायेत, ते कावळ्याचे असतीन. अर्ध्या घंट्यात कावळी आली अन् टोपलीतल्याले चारून गेली, तिले कुठं बोटं मोजता येतेत. पोट्टं रडून झोपलं.
अन् आई आता म्हनते कोकिळा होती तं ठेवाची होती घरात, सकाळी सकाळी बोलली असती.

मास्तर_रिटायर:
तिलेही कायदा लागू आहे म्हणा 😄

डवरेवाला:
मास्तर, तुमीच सांगा मग आईले. आमची हिंमत नाई.