कागदाचं रोमन शिरस्त्राण: तुरा कलंडतो, टोप डोळ्यांवर येतो

रेघोटी
७ ते ९ वर्षांची २० मुलं, हाताशी दीड तास. प्रत्येकाने कार्डशीटचं रोमन सैनिकाचं शिरस्त्राण करायचं आहे. कागदाचा लगदा वाळेपर्यंत थांबता येणार नाही, म्हणून पट्ट्यांचा सांगाडा. नमुन्यात तीन दोष आहेत: टोप डोळ्यांवर घसरतो, लाल तुरा एका बाजूला कलंडतो, चंदेरी पोस्टर कलर लावला की कार्डशीट पिळवटते. आणि तुरा पुढून मागे हवा की कानापासून कानापर्यंत?

काटकोन
कार्डशीट २२० ते २५० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये). त्याहून जाड घेतली तर वळताना कोन पडतात.

या वयात डोक्याचा घेर साधारण ५१ ते ५४ सेंमी. ए४च्या लांबीत ४ सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, २ सेंमी एकमेकींवर चिकटवा. ५७ सेंमी मिळतात, पुरतात. दुसरा जोड आधी करू नका. पट्टी डोक्याला गुंडाळून एक बोट आत जाईल इतकी सैल ठेवा, खूण करा, मग स्टेपल मारा. पिनेची सपाट पाठ आत, वळलेली टोकं बाहेर, वर टेप.

घुमटाला आणखी चार ए४ पट्ट्या: पुढून मागे, कानापासून कानापर्यंत आणि दोन तिरक्या. चारही पट्ट्या मधोमध २ सेंमीपर्यंत निमुळत्या करा, नाहीतर टाळूवर चार थरांचं टेंगूळ येतं. टोकं घेराच्या आत २ सेंमी घालायची, पण चिकटवण्याआधी टोप मुलाच्या डोक्यावर ठेवून बघा. घुमट टाळूला जेमतेम टेकला पाहिजे. तो उंच राहिला की सगळा भार घेरावर येतो, घेर जरा सैल असला की टोप भुवयांवर उतरतो. तुमचं बहुधा हेच होतंय. टोकं आणखी १ सेंमी आत सरकवा.

फटींसाठी तळाशी ५ आणि उंचीला ११ सेंमीचे आठ त्रिकोण आतून लावा.

रंग सोडाच. पाणी एकाच बाजूने मुरतं, ती बाजू फुगते, म्हणून पिळवटतं. चंदेरी कागद ग्लू स्टिकने लावा, तोही पट्ट्या वळवण्याआधी, सपाट असतानाच.

जुनी_नाणी
तुऱ्याबद्दल. आडवा, म्हणजे कानापासून कानापर्यंतचा तुरा सेंच्युरियनचा, म्हणजे रोमन सैन्यातल्या तुकडीच्या नायकाचा. ऑस्ट्रियातल्या कार्नुंटुमच्या टायटस कॅलिडियस सेव्हेरस या सेंच्युरियनच्या समाधीशिळेवर तसं शिरस्त्राण कोरलेलं आहे. साध्या सैनिकाचा तुरा काढता-घालता यायचा आणि साम्राज्याच्या काळात तो मुख्यतः संचलनापुरता असावा, असं मानतात. तेव्हा २० पैकी एक-दोघांनाच तुरा द्या, तोही आडवा. बाकीच्यांचे टोप बिनतुऱ्याचे, तेच खरे. (सिनेमातले झाडूसारखे तुरे विसरा.)

उलट घुमटावर वरून फुलीच्या दोन पट्ट्या उठून दिसू द्या. रोमन सम्राट ट्राजानच्या डेशिया (आजच्या रोमानियाचा भाग) मोहिमांच्या (इ.स. १०१ ते १०६) सुमारास शिरस्त्राणांवर अशा लोखंडी पट्ट्या बसवलेल्या दिसतात. डेशियनांच्या विळ्यासारख्या शस्त्राचे वार झेलायला, असं सांगतात.

तुरा कलंडतो तो बहुतेक सरळ पट्टी घुमटावर उभी चिकटवल्यामुळे. कार्डशीट आपल्या कडेच्या दिशेने वाकत नाही. बळजबरी केली की एका अंगाला पडते. घुमट कार्डशीटवर आडवा धरून त्याची कमान पेन्सिलीने गिरवा. रेघेच्या बाहेर ३ सेंमी आणि आत दीड सेंमी ठेवून चंद्रकोर कापा. आतल्या भागाला दर २ सेंमीवर रेघेपर्यंत चिरा द्या, एक जीभ डावीकडे, पुढची उजवीकडे दुमडा आणि चिकटवा. मग ६ सेंमी उंच लाल क्रेप पेपरच्या चार थरांना वरून ४ सेंमी खोल, अर्ध्या सेंमीच्या झिरमिळ्या कापा. दोन-दोन थर चंद्रकोरीच्या दोन्ही अंगांना लावा. त्या कमानीवर आपोआप पसरतात.

रेघोटी
धन्यवाद. गालपट्ट्या आणि मानेचा भाग? गालपट्ट्या बोलताना सुटतात.

काटकोन
गालपट्टी ७ × ११ सेंमी. पुढच्या कडेला डोळ्यापाशी एक आणि तोंडापाशी एक अर्धगोल खाच. कान उघडे. खऱ्या शिरस्त्राणातही त्या बिजागरीवर हलायच्या, तेव्हा घट्ट चिकटवू नका. घेर आणि गालपट्टीत अर्धा सेंमी फट ठेवून दोन्ही बाजूंनी कापडी टेप लावा. हनुवटीखाली दोरी बांधू नका, धावाधाव करताना ती गळ्यात अडकू शकते.

मानेला २० सेंमी लांब, मधोमध ५ सेंमी रुंद चंद्रकोर, आतल्या कडेला तशाच जिभा. ती घेराशी काटकोनात नको, थोडी खाली झुकती. आडवी ठेवली तर मान वर केली की टोप पुढे ढकलला जातो.

दीड तासात बसवायचं तर घेर, चंद्रकोरी आणि गालपट्ट्या मोठ्यांनी आधी कापून ठेवा. चंदेरी कागद, घुमट आणि झिरमिळ्या मुलांकडे.