‘अढळ’ की ‘अटळ’? आणि मालमत्ता ‘अचल’ का नाही?

प्रश्न: ‘त्याचा अटळ विश्वास’ असं लिहिलं तर चूक का? ‘अचल संपत्ती’ मराठीत चालेल का?

उत्तर १: दोन वेगळी क्रियापदं आहेत. ढळणे म्हणजे जागेवरून सरकणे: तोल ढळतो, पदर ढळतो. जे ढळत नाही ते अढळ. टळणे म्हणजे चुकणे: संकट टळतं. जे टळत नाही ते अटळ. म्हणून मृत्यू अटळ, विश्वास अढळ. घोळ हिंदीमुळे होतो; तिकडे ‘अटल’चा अर्थ पक्का, ठाम असा आहे. लिहिताना शंका आली तर ‘न ढळणारा’ आणि ‘न टळणारा’ ठेवून पाहा, लगेच कळतं.

उत्तर २: मराठी दस्तात ‘स्थावर मालमत्ता’ लिहा, जोडी स्थावर-जंगम. ‘अचल संपत्ती’ हिंदी कागदांतून येते. गंमत म्हणजे जागचं न हलणारं सगळंच कायद्याने स्थावर नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मधल्या व्याख्येत इमारती लाकडाची उभी झाडं, उभी पिकं आणि गवत वगळलेलं आहे.

उत्तर ३: ‘अढळपद’ ध्रुवाचं. पण खरा ध्रुवतारा खगोलीय ध्रुवबिंदूपासून (सगळं आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं, त्यापासून) अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच दूर आहे, त्यामुळे तोही रोज लहानसं वर्तुळ काढतो! आणि बोलताना ‘तो अढळ बसला’ नको, पुस्तकी वाटतं. ‘ढिम्म हलला नाही’ किंवा ‘ठाण मांडून बसला’ म्हणा.

प्रश्नकर्ता: मग ‘अढळ निर्णय’?

उत्तर १: निर्णयाला ‘ठाम’.