प्रभुभोजनात उरलेला रस बेसिनमध्ये ओतायचा का?

भूपाळी
जय ख्रिस्त. प्रभुभोजन, म्हणजे पाव आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, आटोपलं की आमच्या मंडळीत व्हेस्ट्रीतल्या (चर्चच्या तयारीच्या खोलीतल्या) बेसिनपाशी घाई उडते. उरलेला रस बेसिनमध्ये, पावाचे तुकडे पेपरात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. ज्यावर पाळकसाहेबांनी नुकतीच प्रार्थना केली, तेच हे! मला अजिबात पटत नाही. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात स्वच्छ सूचना आहे: पवित्र केलेलं जे उरेल ते चर्चबाहेर न्यायचं नाही, पाळकांनी आणि ते बोलावतील त्या सहभागींनी तिथंच आदराने संपवायचं. आपण सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे), ही शिस्त आपल्याच वारशातली. मग ती का सोडली?

नगरकर
जय ख्रिस्त. सीएनआयचा वारसा एकट्या अँग्लिकनांचा नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात ऐक्य झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन असे कितीतरी जण त्यात आले. आमच्या नगरकडे अमेरिकन मराठी मिशनची शिकवण. भाकर भाकरच राहते. ख्रिस्त आपल्याला भेटतो तो विश्वासाने. विधी संपला की मेजावर उरतो तो पाव आणि रस. त्याचं सोवळंओवळं आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वक मागे टाकलं, ते मागच्या दाराने परत आणू नका. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल रागावतो तो उरलेल्या तुकड्यांवरून नाही. काहीजण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, यावरून. अनादर तो!

भूपाळी
करिंथचं मान्य. पण योहान ६ पाहा. पाच हजार जेवले, आणि प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. ती तर साधी जवाची भाकर होती. मग मेजावरची भाकर कचऱ्यात कशी चालते?

वसईकर
मी कॅथलिक, म्हणून फक्त आमची रीत सांगतो. उरलेल्या होस्तिया (पवित्र केलेल्या भाकरीच्या चकत्या) ताबर्नाकलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या कुलूपबंद पेटीत ठेवतात, त्यातूनच आजाऱ्यांना कम्युनियन (प्रभुभोजन) नेतात. उरलेला द्राक्षारस मात्र तिथंच पिऊन संपवतात. चालिस, म्हणजे द्राक्षारसाचा प्याला, विसळलेलं पाणीही फादर पिऊन टाकतात. चालिस पुसायची फडकी आधी वेगळी भिजवतात. ते पहिलं पाणी गटारात जात नाही, थेट जमिनीत मुरवतात. वस्तू पवित्र मानली की ती हाताळण्यात दिसलीच पाहिजे.

मनुका
सगळ्यांचं वाचलं. आता ज्यांचे हात त्यात बुडतात त्यांचंही ऐका. शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, पहाटे उकळून कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायच्या. पावाच्या कडा काढून तुकडे करायचे. बारीक चोचीच्या किटलीने एकेक पेला भरायचा, ट्रेवर थेंब सांडू द्यायचा नाही. १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरस पाश्चराइज केला तो प्रभुभोजनासाठीच, म्हणजे न आंबता टिकावा. आमचा घरचा रस मे महिन्यात दुपारपर्यंत आंबूस होतो आणि ट्रेच्या भोकांत मुंग्या होतात. थांबायला वेळ नसतो.

भूपाळीदादा, न उचललेले पेले एका भांड्यात ओतून पाळकांनी आणि पंचांनी (मंडळीच्या कारभाऱ्यांनी) प्यावेत, मला आनंदच आहे. पण लोकांचे अर्धे उष्टे पेले कोणी प्यायचे? त्यांचं पहिलं विसळलेलं पाणी आवारातल्या झाडाला घालावं, मग पेले गरम पाण्यात उकळावेत. आणि हजेरीचा अंदाज घेऊन कमी भरावं, अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. हे सगळं महिला मंडळानेच करायचं, असं मात्र कुठल्याच प्रार्थनापुस्तकात नाही. पंचांनीही बाह्या वर सारून बेसिनपाशी यावं.

नगरकर
ताई, पंचांबद्दल शंभर टक्के बरोबर. झाडाला पाणी घालायलाही माझी ना नाही, फक्त त्याचा नियम करू नका. नियम झाला की पुढच्या पिढीला वाटेल, देव रसात आहे. उरलेला पाव मी तर संडे स्कूलच्या मुलांना देईन. वाया जाणार नाही, योहान ६ सुद्धा पाळला जाईल.

भूपाळी
ते नको! दृढीकरण (स्वतः विश्वास जाहीर करण्याचा विधी) न झालेल्या मुलांना हा पाव खाऊ म्हणून वाटला तर मोठेपणी प्रभूच्या मेजाशी येताना त्यांना काय वेगळं वाटणार? यावर माझं मत बदलणार नाही. ताईंची पद्धत मात्र मी पास्टरेट कमिटीपुढे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे) लेखी मांडतो, पंचांच्या पाळीसकट.

मनुका
मांडा. उकळत्या पाण्याचं भांडंही त्यात लिहा, सध्याचं गळतंय.