मदत हवी आहे: 'स्लीट'ला मराठीत काय म्हणू?

खानापूर भागातल्या मराठी शाळेच्या सातवीतल्या पोरांसाठी पावसाच्या इंग्रजी शब्दांचा तक्ता करतेय. ड्रिझल म्हणजे भुरभुर (थेंब अर्ध्या मिलिमीटरहून बारीक), शॉवर म्हणजे सर, हेल म्हणजे गारा, इथवर जमलं. वळिवाला थंडरशॉवर चालवून घेतलं. आपल्या झडीला मात्र इंग्रजीत नेमका शब्द मिळेना, असो.

अडलंय स्लीटवर. ब्रिटनमध्ये पाऊस आणि बर्फ एकत्र पडला की स्लीट. अमेरिकेत गोठलेल्या थेंबांचे बारीक खडे म्हणजे स्लीट. हिमवर्षाव स्नोला देऊन बसलेय, 'बारीक गारा' लिहिलं तर हेलशी घोळ होतो. पोरांनी बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याकडेच, त्यामुळे जडजंबाल संस्कृत शब्द नकोत. दोन्ही अर्थांना वेगवेगळे, सोपे शब्द कुणी सुचवाल का?