मदत हवी आहे : पती टाकून गेल्यानंतर ख्रिस्ती स्त्रीने पुनर्विवाह करावा का?

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. आम्ही नाशिकच्या शरणपूर भागात राहतो. माझ्या धाकट्या बहिणीचा पती सात वर्षांपूर्वी घर सोडून गेला, तो परतलाच नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांचा परित्याग हे घटस्फोटाचे स्वतंत्र कारण ठरते आणि त्याच आधारे न्यायालयाने तिला घटस्फोट दिला. आता चांगले स्थळ आले आहे, परंतु पाळकसाहेब लग्न लावण्यास कचरतात.

बायबलमधील मत्तय १९:९ मधील जारकर्माचा (व्यभिचाराचा) अपवाद आम्हाला लागू नाही, कारण तसा पुरावा नाही. १ करिंथ ७:१५ प्रमाणे विश्वास न ठेवणारा जोडीदार वेगळा झाल्यास बहीण (म्हणजे विश्वासी स्त्री) बांधलेली नाही. पण हा गृहस्थ बाप्तिस्मा घेतलेला. (बायकोला वाऱ्यावर सोडणारा विश्वासी कसला, हे माझे मत.) पाळकसाहेब ७:११ वर बोट ठेवतात : अविवाहित राहावे किंवा समेट करावा. ज्याचा पत्ताच नाही त्याच्याशी समेट कसा करायचा?

बहीण म्हणते, “दादा, एकटे राहणे हे कृपादान आहे, पण ते मला मिळालेले नाही.” तिच्या बायबलमध्ये ७:७ खाली पेन्सिलीच्या इतक्या रेघा आहेत की कागद फाटायला आला आहे.

मत्तय १८:१७ प्रमाणे मंडळीचे (चर्चचे) न ऐकणाऱ्याला परका मानायचे, तर त्याला ७:१५ लागू होईल का? आपल्या मंडळीत अशा विवाहाला परवानगी मिळाली असल्यास अर्ज कोणाकडे व कसा केला, हे कृपया कळवावे.